उपजेला एक संध्याकाळ द्या

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याच्या बँडचा माइक गाणं चालू असताना बंद केला गेला. ग्वाल्हेरमधल्याच एका कॉलेजचा वार्षिक महोत्सव, त्यात बँडची स्पर्धा. प्रत्येक बँडला १२ मिनिटं. त्यातच वायरी जोडायच्या, त्यातच साउंडचेक. गाण्यांची यादी आधी लिहून द्यायची आणि मूळ गाण्यापासून दूर गेल्यास गुण कापले जातील, असं नियमांच्या कागदावर छापलेलं. ही चौघं दुसऱ्या गाण्यात दूर गेली. मधल्या भागात गाणाऱ्या मुलीनं शब्द सोडून नुसत्या ‘आ’कारात एक ओळ घेतली. भाच्यानं ती गिटारवर उलटी फिरवून परत दिली. तिनं हसून तिच्यात एक सूर वाढवला, यानं तो पकडून आणखी एक जोडला. ड्रमवाल्या पोरानं हात हलका केला, बेसवाल्यानं एकच स्वर धरून ठेवला आणि समोर खुर्च्यांवर मोबाइल बघत बसलेली मुलं मान वर करून ऐकू लागली. मी तिथे होते. दोन मिनिटं झाली असतील-नसतील, माइक गेला. वेळ संपली होती, नियमाप्रमाणे सगळं बरोबरच होतं. नंतर परीक्षक पोरांना म्हणाले, ‘मूळ गाण्याशी प्रामाणिक राहायला शिका.’

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी असं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हे ग्वाल्हेर आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा मुलांना लहानपणापासून एक गोष्ट सांगितली जाते. शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ नावाचे गवई होते, त्यांच्या तानांना तोड नव्हती. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांना ते शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून महाराजांनी या दोघांना आडोशाला बसवून खाँसाहेबांचं गाणं ऐकवलं, कितीतरी महिने. आणि एक दिवस दोघा भावांनी तीच तानबाजी आपल्या गळ्यातून काढून दाखवली. गोष्टीत खरं किती आणि तिखटमीठ किती, ते राहू द्या. ती पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, कारण ग्वाल्हेर घराण्याला स्वतःबद्दल जे सांगायचं आहे ते तिच्यात आहे. कानानं उचला आणि मग आपलं करून गा. याच परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले, विद्या घेऊन महाराष्ट्रात परतले, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ती देशभर नेली. पुण्या-मुंबईच्या मैफलीत आज कुणी निवांत ख्याल ऐकत बसलं असेल, तर त्याच्या कानावर या गावाचं देणं पडत असतं.

मी शिकत होते तेव्हा आमच्या बाई एकेक चीज, म्हणजे बंदिश, स्थायी-अंतऱ्यासकट घोटून घेत. स्वर जरा हलला की पुन्हा पहिल्यापासून. महिना-महिना तेच. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीला फार मान, ती नीट भरली नाही तर पुढे जायचंच नाही. आणि मग एका दुपारी तंबोरा जुळवून बाई म्हणत, ‘आता पुढचं तुझं.’ त्या तीन शब्दांनी पोटात गोळा यायचा. बेहलावे, बोल-आलाप, बोलतान, चीज वाढवायचे सगळे प्रकार येत असले तरी त्या क्षणी काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसायचं. चीज जशीच्या तशी गाऊन तिथेच थांबणारी मुलगी बाईंच्या लेखी अजून शिकलेलीच नसायची.

आता ३१ ऑक्टोबर २०२३ पासून ग्वाल्हेर युनेस्कोच्या यादीत ‘संगीतनगरी’ आहे. वाराणसी आणि चेन्नईनंतर संगीतासाठी हा मान आपल्याला मिळाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, किल्ल्यावर १,२८२ तबलावादक एकत्र बसले आणि विश्वविक्रम झाला. पुढच्या वर्षी, तानसेन समारोह या इथल्या संगीतमहोत्सवाच्या शंभराव्या पर्वात, ५४६ कलाकारांनी वेगवेगळी वाद्यं एकत्र वाजवून दुसरा विक्रम केला. किल्ल्याच्या कातळावर इतक्या तबल्यांचा एकत्र आवाज, कल्पनेनंही अंगावर काटा येतो, आणि त्या पोरांच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण विक्रमाची अटच अशी की सगळ्यांनी एकच वाजवायचं. त्या गर्दीत एखाद्याच्या मनात त्या क्षणी एखादा तुकडा आला असता, तर तो त्याला गिळावा लागला असता. ज्या गावानं ‘आता पुढचं तुझं’ म्हणायला शिकवलं, त्याच्या अभिमानाचे दोन सगळ्यात मोठे सोहळे ठरवलेलं बिनचूक वाजवण्याचे आहेत. आणि कॉलेजातली स्पर्धाही त्याचीच. मला हे खुपतं.

माझी मागणी साधी आहे. या गावानं रॉक वाजवणाऱ्या पोरांना न ठरवता वाजवायला एक नियमित जागा द्यावी. पोरं गोड आहेत म्हणून नव्हे, रॉक आज चालतो म्हणूनही नव्हे. उपज, म्हणजे त्या क्षणी सुचेल ते गाणं-वाजवणं, ही चार माणसांसमोर चुकतच शिकावी लागते आणि तेवढी जागा देणं हे संगीतनगरी म्हणवणाऱ्या गावाचं काम आहे, म्हणून.

रॉक म्हटलं की आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्यांची भुवई वर जाते. ‘राग नाही, ताल चारचाच, मग उपज कशाची?’ हा प्रश्न मी घरीही ऐकला आहे, आणि तो वाईट प्रश्न नाही. त्याला तपशिलानं उत्तर द्यायला हवं. गिटार शिकणारं पोर सगळ्यात आधी जी पाच सुरांची पेंटॅटॉनिक घोटतं, तिचे सूर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे आपल्या धानी रागाचेच सूर. धानीचं चलन, म्हणजे सुरांची वळणं, तिथे नाही, पण सांगाडा तोच. ‘ग्रेटफुल डेड’ हा अमेरिकन बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि ३० वर्षांत त्यानं २,३०० च्या आसपास कार्यक्रम केले. त्यांच्या ‘डार्क स्टार’ या गाण्यात शुद्ध ग आणि कोमल नि घेऊन ते बराच वेळ एकाच षड्जाभोवती फिरत राहतात. आपण त्याला खमाज थाट म्हणू. हे गाणं १९६८ साली तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. २७ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये त्यांनी तेच गाणं वाजवलं ते २३ मिनिटं. शब्द तेवढेच. वाढलं ते मधलं, दोन कडव्यांच्या मधलं. तेव्हा चीज छोटी आणि बढत, म्हणजे तिचा विस्तार, मोठा हे गणित आपल्या एकट्याचं नाही. तालाचंही तसंच. याच बँडचा एक ड्रमर मिकी हार्ट तबलावादक उस्ताद अल्लारखाँकडे शिकला आणि बँडला चारच्या चौकटीतून अकराच्या मोजणीत घेऊन गेला. पुढे त्यानं झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘प्लॅनेट ड्रम’ हा अल्बम केला आणि त्याला ग्रॅमी मिळालं.

भाच्यानं आणि त्या मुलीनं स्पर्धेत जे केलं, तेही आकाशातून पडलेलं नव्हतं. ऑगस्ट १९७२ मध्ये ‘डीप पर्पल’ हा इंग्लिश बँड जपानमध्ये ओसाका आणि टोकियोला वाजवत होता, त्या तीन रात्रींतून ‘मेड इन जपान’ हा दुहेरी अल्बम निघाला. त्यात एका गाण्यात रिची ब्लॅकमोरची गिटार एक तुकडा टाकते आणि इयन गिलनचा गळा तो परत देतो. तुकडे लांबत जातात, वर चढत जातात, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की आता कोण कुणाच्या मागे आहे. आपल्याकडे सतारवाला आणि तबलजी सवाल-जवाब करतात तेव्हा ज्या जागी माणसं ‘वाह’ म्हणतात, अगदी त्याच जागी ओसाकाचे श्रोतेही ओरडले असणार. मूळ तबकडीवर तो भाग नाही. मग ते दोघं मूळ गाण्याशी अप्रामाणिक होते का?

आता सगळ्यात अवघड हरकत. ती माझ्या वडिलांची आहे.

नाना ८१ वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी कृष्णराव शंकर पंडितांना समोर बसून ऐकलंय, त्यामुळे त्यांना फसवता येत नाही. बँडची तालीम आमच्या छतावरच्या खोलीत चालते. एका रविवारी नाना काठी टेकत वर आले, दारात खुर्ची घेऊन बसले आणि पोरांचं ते न ठरवलेलं वाजवणं अर्धा तास ऐकलं. उतरताना मला म्हणाले, ‘हातात कला आहे पोरांच्या. पण सगळे बोलतायत. ऐकतंय कोण?’

मला राग आला, पण ते खरं होतं. चौघंही एकाच वेळी भरभरून वाजवत होते. जरा फट दिसली की तिच्यात कुणीतरी सूर कोंबत होतं. रॉकमधल्या उत्स्फूर्त वाजवण्यावर जी टीका होते, ती बव्हंशी याच कारणानं होते आणि तिच्यात तथ्य आहे. सत्तरच्या दशकात मोठमोठ्या बँडांनी वीस-वीस मिनिटांचे जे सोलो ताणले, त्यांतले कितीतरी निव्वळ ताकद दाखवण्याचे होते. त्यांची बाजू मी घेणार नाही. आपल्याकडेही दुसऱ्या आवर्तनापासून सपाट तानांचा पाऊस पाडणारे गवई आहेतच. उपजेच्या नावाखाली मिरवून घेणारा माणूस प्रत्येक संगीतात सापडतो.

पण याला उत्तरही रॉकच्याच पोटात आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘किंग क्रिम्सन’ हा इंग्लिश बँड ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ सभागृहात वाजवत होता. त्या रात्री मध्येच एक तुकडा आपोआप सुरू झाला. डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन, जॉन वेटनचा बेस, रॉबर्ट फ्रिपच्या मेलोट्रॉन या कीबोर्डवरचे बासरीसारखे स्वर. हळू, विरळ, जपून टाकलेलं पाऊल जसं. चौथा माणूस बिल ब्रुफर्ड, ड्रमर. त्याची वेळ कुठल्याही क्षणी येणार होती. पण त्यानं काठ्या छातीशी आडव्या धरल्या आणि तो तुकडा संपेपर्यंत एकही ठोका दिला नाही. पुढे हा तुकडा अल्बमवर आला, नाव ‘ट्रिओ’, म्हणजे तिघांचं वाजवणं. पण रचनाकारांच्या यादीत नावं चार आहेत. बाकी तिघांना वाटलं की न वाजवण्याचा ब्रुफर्डचा निर्णय हाही रचनेतला वाटा आहे.

मी हा तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ही हकिगत माहीत नव्हती. माहीत झाल्यावर पुन्हा ऐकला. तेव्हा प्रत्येक सुराच्या मागे तो गप्प बसलेला माणूस ऐकू येऊ लागला. विलंबितात अव्वल तबलजी नुसता ठेका सांभाळतो आणि गवयाचा एखादा स्वर नीट लागला की तिथे बोल भरायचा मोह आवरतो, तेव्हा जे होतं ते हेच. असा संयम कागदावर लिहून देता येत नाही. ‘इथे वाजवू नकोस’ असं आधी ठरवलं असतं तर ती केवळ आज्ञा पाळणं झालं असतं. त्यानं त्या क्षणी ऐकलं आणि त्या क्षणी ठरवलं.

ऐकायला शिकवता येतं, हेही सांगते. ‘फिश’ नावाच्या अमेरिकन बँडनं आपल्या तालमीसाठी एक खेळ काढला होता. एकानं छोटा तुकडा धरायचा. बाकीच्यांनी त्यात बसेल असा आपापला तुकडा शोधायचा. सगळ्यांचं जुळलं असं ज्याला वाटेल त्यानं ‘हे’ म्हणायचं, आणि प्रत्येकाचा ‘हे’ आल्यावरच पुढचा बदल करायचा. साधा खेळ, पण त्यात स्वतःच्या हाताकडे बघून भागत नाही, दुसऱ्या तिघांकडे कान ठेवावा लागतो. मी भाच्याला हे सांगितलं. आता आमच्या छतावर तासन् तास तोच एक तुकडा फिरत असतो आणि मधूनच ‘हां’, ‘हां’ ऐकू येतं. चौथा ‘हां’ यायला फार वेळ लागतो. पण येतो.

हे सगळं खोलीत होतं. मंचावर काय होतं? मंचावर आता लॅपटॉप असतो. बाहेरच्या वाचकाला कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. कीबोर्ड, जादाची गिटार, मागचा कोरस हे सगळं आधी ध्वनिमुद्रित करून लॅपटॉपवरून सोडतात. त्याच्याशी जुळवून घ्यायला ड्रमरच्या कानात टिक-टिक चालू असते, तिला क्लिक म्हणतात. पडद्यावरची चित्रं आणि दिवेही त्याच टिक-टिकीला बांधलेले. त्यामुळे गाणं एक आवर्तनही लांबवता येत नाही. गायिकेला वाटलं की ही ओळ अजून एकदा घ्यावी, तर तिला घेता येत नाही, कारण लॅपटॉप पुढच्या कडव्यावर गेलेला असतो.

बँड असं का करतात ते मला समजतं. लोकांना रेकॉर्डवरचाच आवाज हवा असतो. चार जणांच्या बँडला पाचवा कीबोर्डवाला परवडत नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्याला मिनिटांचा हिशेब हवा असतो. यातलं काही खोटं नाही. पण आपल्या घरातच एक तुलना आहे. गाणं शिकणाऱ्या प्रत्येक मराठी घरात आज तबल्याचं यंत्र आहे. रियाजाला आपण ते लावतो, त्याचा ठेका कधी हलत नाही, त्याला चहा लागत नाही, ते दमत नाही. तरी बैठक असली की आपण तबलजीला बोलावतो. पैसे खर्च करून, त्याच्या वेळा सांभाळून बोलावतो. त्याच्याऐवजी यंत्र का लावत नाही? कारण यंत्र ऐकत नाही. गवई समेवर येताना अर्धा क्षण रेंगाळला की तबलजी डोळ्यांनी हसून त्याच्यासाठी जागा करतो. रियाजाला यंत्र, बैठकीला माणूस, हा भेद आपण इतका पक्का पाळतो, मग पोरांच्या बँडला मात्र यंत्रालाच बांधून घ्यायला का लावतो?

दुसरी भीती मोबाइलची. पूर्वी बैठकीत तान फसली तर समोरच्या पन्नास जणांत ती विरून जायची. आता फसलेले वीस सेकंद रात्रीपर्यंत गावभर पोचतात. पोरं घाबरतात आणि मग ठरवलेलंच वाजवतात. यावर मोबाइल बंद ठेवा असं मी म्हणणार नाही. ग्रेटफुल डेडनं तर श्रोत्यांना रेकॉर्ड करायला मुभा दिली होती, १९८४ पासून त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागा राखली. त्यांचे श्रोते शेकडो रात्रींच्या कॅसेट जमवून तेच गाणं वेगवेगळ्या रात्री कसं वाढलं ते लावून बघत. एखादी रात्र फसलेलीही असे, आणि तीही जपली जाई. त्या माणसांना एक रात्र पुरत नव्हती, सगळ्या रात्री हव्या होत्या. असा श्रोता एका कार्यक्रमानं तयार होत नाही. तेच चौघं दर महिन्याला त्याच जागी भेटले, तर तयार होतो.

त्या बँडचे सुरुवातीचे दिवस कसे होते तेही पाहायला हवं. १९६५-६६ साली ते ज्या मेळाव्यांत वाजवत, तिथे त्यांना ऐकायला म्हणून तिकीट काढून कुणी आलेलं नसे. वाटलं तर वाजवावं, जमेना तर थांबावं. तिथे एलएसडी हे अमली द्रव्य सर्रास घेतलं जाई, तेव्हा ते कॅलिफोर्नियात बेकायदा नव्हतं, ऑक्टोबर १९६६ मध्ये झालं. व्यसनांनी या संगीतातली कितीतरी माणसं नेली. याच बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया १९९५ साली व्यसनमुक्ती केंद्रातच वारला, वय ५३. ज्यांच्या घरात मुलगा गिटार घेऊन बसतो त्या आयांना ही काळजी वाटते आणि मी ती हलकी करून दाखवणार नाही. पण त्या मेळाव्यांनी बँडला दिलं ते फसण्याचं स्वातंत्र्य, आणि ते चहा-समोशावरही देता येतं.

‘पण रॉक आपलं नाही ना,’ असं अजूनही कुणी म्हणतं. त्यावर मी फार शब्द खर्चणार नाही. पेटी परदेशातून आली, व्हायोलिन आलं, आणि आज पेटीशिवाय आपलं नाट्यगीत उभं राहत नाही. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ बँडचा बेसवादक राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात वावरला, तिथे कानावर पडलेलं नर्मदेचं पारंपरिक गाणं त्यांनी ‘मा रेवा’ म्हणून वाजवलं, आणि ते २००० सालापासून देशभर गायलं जातंय. आपल्याच राज्याची नदी, आपलंच गाणं, वाजवणारा रॉक बँड.

उलट आपल्या मराठी मंडळींना तर हे सगळ्यात आधी कळायला हवं. तानसेन समारोहाची सुरुवात कशी होते? हजिऱ्यावर शहनाई वाजते, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान, होतो. तानसेनाच्या समाधीपाशी मराठी परंपरेतला बुवा उभा राहून कथा सांगतो, गेली कितीतरी वर्षं. ज्यांनी कीर्तनाला पेटीवर किंवा तबल्यावर साथ केली आहे, त्यांना विचारा. पूर्वरंग बांधलेला असतो, पण उत्तररंगात बुवा समोरच्या माणसांचे चेहरे बघून कथा कुठे लांबवतील, कुठे अभंग टाकतील, कुठल्या ओळीवर टाळ्या घेऊन पाच वेळा फिरतील, ते आधी कुणाला माहीत नसतं. पेटीवाला बुवांच्या हाताकडे डोळे लावून बसतो. माझे काका वर्षानुवर्षं अशी साथ करत. एकदा बुवांनी ऐन भरात पट्टी बदलली, तेव्हा काकांनी एक श्वासभर हात उचलला आणि नव्या स्वरावर येऊन बसले. घरी आल्यावर त्यांनी ते तीनदा सांगितलं, इतका आनंद झाला होता. भाच्याला रॉक कुठून लागला असं लोक विचारतात. मला काकांचा तो उचललेला हात आठवतो.

तर काय करायचं? फार पैसे लागत नाहीत. महिन्यातून एक शनिवार, संध्याकाळी सहा ते नऊ. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको, हा नियम मला मान्य आहे, गावातल्या महाराज बाडा चौकाच्या आसपास म्हातारी माणसं राहतात. जागा बाड्यावरच्या टाउन हॉलची असो किंवा बैजाताल तलावाच्या काठची, पण प्रत्येक वेळी तीच. एका बँडला किमान चाळीस मिनिटं. लॅपटॉप मंचावर नाही. यादी कुणी मागायची नाही. बक्षीस नाही आणि परीक्षक तर नाहीतच. दोन बँडांच्या मध्ये वीस मिनिटं कुणीही कुणाबरोबरही वाजवावं. संगीत विद्यापीठात तबला, सतार, गाणं शिकणारी मुलं आणि ही गिटारवाली मुलं एकाच गावात राहून एकमेकांना ओळखत नाहीत, ती तिथे ओळखतील. आमच्या गल्लीतला तबला शिकणारा मुलगा महिनाभरापूर्वी छतावर आला होता. पहिले दोन तास सगळं नुसतं आदळत होतं. ड्रम आणि तबला एकमेकांवर चढत होते. मग ड्रमवाल्यानं मोठा ड्रम सोडून फक्त झांजेवर काठीची टोकं टेकवली आणि तबल्याला पहिल्यांदा श्वास घेता आला.

कॉलेजांच्या स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त नियमांच्या कागदावरून दोन ओळी खोडाव्यात. एक, मूळ गाण्यापासून दूर गेल्यास गुण कापण्याची. दुसरी, १२ मिनिटांत साउंडचेकही उरकण्याची. आणि हवं तर तिथे एक ओळ घालावी, की बँडमधल्या माणसांनी एकमेकांना किती ऐकलं याला गुण असतील. ते ओळखता येतं. नानांना अर्ध्या तासात ओळखता आलं.

पहिले काही महिने बरंच काही वाईट वाजेल. लोक अर्ध्यातून उठतील. तेव्हा कार्यक्रम गुंडाळायचा नाही, एवढंच धैर्य गावाला दाखवावं लागेल. माझ्या बाईंनी ‘आता पुढचं तुझं’ म्हटल्यावर मी पहिल्यांदा जे गायले, ते त्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं होतं. वर्षभर घेतलं.

अर्ज मी लिहून ठेवला आहे, एका पानाचा, आणि सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. नानांनी पहिली सही केली, ‘महिन्यातून एकदाच ना?’ असं विचारून. त्यात संस्कृती, वारसा वगैरे शब्द मी जवळजवळ घातलेलेच नाहीत. ड्रमसेट आणि दोन ॲम्प्लिफायर कायम तिथेच ठेवायला एक कुलपाची खोली लागेल, तिची किल्ली कुणाकडे राहील आणि पावसाळ्यात ड्रमची कातडी कशी झाकायची, हे मात्र सविस्तर लिहिलं आहे. भाचा म्हणतो, दर वेळी सेट किरायानं आणून जिन्यावरून चढवण्यातच ग्वाल्हेरचे निम्मे बँड मोडले.